भंडारदऱ्याच्या तलावाकाठी पहिल्या मुक्कामाचे नियोजन

तंबूत राहण्याचा अनुभव पहिल्यांदाच घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला किंवा मित्रमंडळींना मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांतून सोयीचे पडेल असे ठिकाण सुचवायचे झाल्यास मी भंडारदऱ्याचे नाव घेतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर प्रवरा नदी अडवून केलेला हा तलाव आर्थर लेक म्हणून ओळखला जातो आणि त्याला अडवणारे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी धरणाच्या पायथ्याशी बाग आहे, तलावाभोवती फिरणारा रस्ता आहे, भोवतालच्या गावांत तंबूंची सोय आहे, आणि कळसूबाई, रतनगड, सांदण दरी ही नावे तर डोंगरात कधीही न गेलेल्यांनीसुद्धा ऐकलेली असतात.

नियोजनाला बसण्यापूर्वी या जागेचे स्वरूप नीट समजून घ्यावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. भंडारदरा हे सिंचनासाठी बांधलेले धरण आहे. त्याची साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) असून ते पाणी प्रवरेच्या कालव्यांवरील शेतीच्या आवर्तनांसाठी, म्हणजे पाळीपाळीने द्यायच्या पाण्यासाठी, सोडले जाते. तलावाभोवतीचे डोंगर आणि जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, आणि १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे नियम लागू आहेत. ज्या जमिनींवर तंबू उभे राहतात त्या बहुतांशी काठच्या गावांतील शेतकऱ्यांच्या असून त्यांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. पाणी पाटबंधाऱ्याचे, जंगल वन विभागाचे आणि अंगण गावकऱ्यांचे, अशी ही वाटणी लक्षात ठेवली की कोणत्या गोष्टीसाठी कोणाला विचारायचे याचा गोंधळ होत नाही.

आधी महिना ठरवावा

बहुतेक जण आधी तंबूचे छायाचित्र पाहून आरक्षण करतात आणि नंतर सुट्टीची तारीख जुळवतात. हा क्रम उलटा असावा, कारण एकाच काठावर डिसेंबरात आणि मे महिन्यात दोन वेगळी ठिकाणे भासावीत इतका फरक असतो. पावसाळ्याच्या अखेरीस तलाव तुडुंब असतो आणि पाणी झाडांच्या ओळीपर्यंत आलेले असते. रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने सुटू लागली की ते मागे सरकत जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पूर्वी पाण्याखाली असलेला मातीचा, दगडांचा उघडा उतार ओलांडून बरेच खाली चालत गेल्यावर पाणी लागते. ‘लेक टच’ असे लिहिलेल्या जाहिरातीतील छायाचित्र बहुधा ऑक्टोबरातले असते, एवढे ध्यानात ठेवून तंबूमालकाकडे त्याच आठवड्यात काढलेले छायाचित्र मागावे.

पहिल्या मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य आहे. आकाश निरभ्र असते, जमीन कोरडी असते, वाटा निसरड्या नसतात आणि तलावात पाणीही पुरेसे असते. थंडी मात्र हलक्यात घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, त्यातच पाण्यावरून येणारा वारा आणि तंबूच्या कापडावर साठणारे दव यांमुळे मुंबईकरांना ती थंडी अधिकच बोचते. तारे पाहण्याची आवड असणाऱ्यांनी पंचांग किंवा दिनदर्शिका पाहून अमावास्येच्या जवळचे दिवस निवडावेत. १३ आणि १४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव येथून चांगला दिसतो, परंतु त्या वेळी चंद्र आकाशात नसेल तरच जागरणाचे चीज होते.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हा काजव्यांचा काळ. मोसमी पाऊस स्थिरावण्यापूर्वी घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, रतनवाडी या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली खूण असते. त्यात मोटारींचे दिवे, टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश मिसळला की ती खूण पोहोचत नाही आणि वर्षातून एकदाच, काही दिवसांपुरती मिळणारी त्यांची प्रजननाची संधी वाया जाते. काजव्यांच्या अळ्या जमिनीवरील पाचोळ्यात गोगलगायींवर जगतात, म्हणून वाट सोडून झाडांखाली गर्दी करणेही तितकेच घातक ठरते. माझे स्पष्ट मत असे की काजवे पाहायला शनिवारी जाऊच नये. शनिवारी घाटघरच्या रस्त्यावर काजव्यांपेक्षा हेडलाइटच अधिक दिसतात. मंगळवार-बुधवारी जावे, स्थानिक वाटाड्या घ्यावा, वाहन रस्त्याकडेला दिवे बंद करून उभे करावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसावे. वन विभाग या काळात रात्रीच्या प्रवेशाची वेळ आणि इतर बंधने दरवर्षी जाहीर करतो; ती निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावीत. शिवाय हेच दिवस वळवाच्या पावसाचे आणि विजांचे असल्यामुळे तंबूऐवजी गावातील पक्क्या घरात राहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, येथे यावे, धबधबे पाहावेत, पण तंबूत राहण्याचा हट्ट धरू नये. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नव्हे. जमीन चिखलाची होते, कापडी तंबूतून पाणी झिरपते, धुक्यामुळे दहा पावलांवरचे दिसत नाही आणि तलावाची पातळी एका रात्रीत लक्षात येण्याइतकी वाढू शकते. १५ ऑगस्टच्या सुमारास धरण भरावे, अशी या भागातली जुनी अपेक्षा असते आणि नेमक्या त्याच सुट्टीत गर्दीही उसळते. अशा दिवशी तलावाभोवतीच्या रस्त्यावर वाहतुकीवर निर्बंध असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस ओसरतो, सोनकीची पिवळी फुले डोंगरउतारांवर पसरतात आणि ज्यांना हिरवाई हवी पण मुसळधार पाऊस नको त्यांच्यासाठी तो पंधरवडा उत्तम.

मग काठ ठरवावा

धरणालगतचे शेंडी हे या परिसराचे मुख्य गाव. बस, दुकाने, खानावळी, खोल्या आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे तलावाकाठचे निवासस्थान हे सगळे येथे आहे. लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर शेंडीतच किंवा तेथून जवळ मुक्काम ठेवावा. धरण तलावाच्या पूर्व टोकाला असल्यामुळे शेंडीच्या बाजूने मावळता सूर्य पाण्यापलीकडे दिसतो, हा या बाजूचा आणखी एक लाभ.

शेंडीहून रस्ता दोन बाजूंना फुटतो. उत्तरेच्या काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करीत तो घाटघरला जातो आणि दक्षिणेच्या काठाने मुतखेल, कोलटेंभे करीत रतनवाडीला पोहोचतो. पुढे साम्रद गावावरून ही दोन्ही टोके जोडली जातात आणि तलावाची प्रदक्षिणा पूर्ण होते. मुरशेत आणि पांजरे येथील तंबू शेंडीपासून फार दूर नाहीत आणि तेथे पाण्याचा विस्तार मोठा दिसतो, म्हणून पहिल्या वेळी मी हीच बाजू सुचवेन. रतनवाडी अधिक शांत आहे आणि रतनगडाच्या कुशीत असल्यामुळे देखणीही आहे, परंतु अडचण आल्यास तेथून बाहेर पडायला वेळ लागतो. साम्रद सांदण दरीच्या तोंडाशी असल्यामुळे तेथे बहुतेक भटके उतरतात. घाटघर आणि साम्रद भागात मोबाइलचे जाळे बेभरवशाचे असते, तेव्हा मुक्कामाचे ठिकाण आणि तंबूमालकाचा क्रमांक घरी कागदावर लिहून ठेवावा आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा.

आरक्षणापूर्वी विचारायचे प्रश्न

तंबूची सोय करणारे बरेच जण प्रामाणिक आणि अगत्यशील असतात, तरीही मोघम बोलण्यावर व्यवहार सोडू नये. माणशी ठरलेल्या दरात संध्याकाळचा चहा-नाश्ता, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, गाद्या-पांघरुणे आणि शेकोटी यांपैकी काय काय धरले आहे ते लेखी संदेशात मागून घ्यावे. स्वच्छतागृहे किती आहेत, ती तंबूपासून किती अंतरावर आहेत, तेथे रात्री दिवा आणि पाणी असते का आणि महिलांसाठी ती वेगळी आहेत का, हे प्रश्न विचारताना संकोच करण्याचे कारण नाही. मुक्काम सुखाचा होतो की नकोसा, हे जेवणापेक्षा यावरच अधिक ठरते. वाहने कोठे उभी करायची, रात्री जागेवर मालक किंवा त्याचा माणूस राहतो का आणि जोराचा पाऊस आल्यास पक्क्या छपराखाली हलवण्याची सोय आहे का, हेही आधीच कळलेले बरे.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, तो म्हणजे त्या रात्री तेथे ध्वनिवर्धक लावला जाणार आहे का. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास कायद्याने मनाई आहे आणि अभयारण्यात तर गोंगाट कोणत्याही वेळी अयोग्यच, पण काही जागांवर गाण्यांचा दणदणाट हेच आकर्षण म्हणून विकले जाते. ज्यांना ते हवे आहे त्यांनी एवढा घाट चढून येण्याची गरज नाही.

स्वतःचा तंबू लावायचा असल्यास जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन, ठरलेले भाडे देऊन तो गावातील खासगी जागेतच लावावा. वनजमिनीवर परस्पर तंबू ठोकणे किंवा आग पेटवणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात प्रवेश करताना वन विभागाच्या नाक्यावर माणशी आणि वाहनाचे शुल्क भरावे लागते. त्याची पावती परतीपर्यंत जपून ठेवावी आणि सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

पोहोचण्याचे मार्ग

मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तेथून उजवीकडे बारीमार्गे शेंडी हा नेहमीचा रस्ता. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून मोटारीने येणाऱ्यांना कसारा घाट टाळता येतो, मात्र त्या मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. रेल्वेने यायचे झाल्यास लोकल कसाऱ्यापर्यंत येते आणि लांब पल्ल्याच्या गाड्या इगतपुरीला थांबतात. तेथून घोटीमार्गे एसटी किंवा जीप मिळते. या भागातील एसटीच्या फेऱ्या मोजक्याच आणि संध्याकाळनंतर जवळपास नाहीतच, म्हणून दुपारी बारापर्यंत घोटी गाठण्याचा बेत असावा, किंवा तंबूमालकालाच स्थानकावर जीप पाठवायला सांगावे. नाशिककरांना हेच घोटी गाठणे सोपे आहे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा सरळ मार्ग आहे आणि आळेफाट्यानंतर ब्राह्मणवाडा-कोतूळ-राजूर असा डोंगरातला मार्गही आहे. पहिल्या वेळी आणि उजेड कमी असताना संगमनेरचाच धरावा.

इंधन घोटीला किंवा अकोले गावात भरून घ्यावे आणि रोख रक्कमही तेथेच काढावी. मुक्कामावर अंधार पडण्याच्या निदान दोन तास आधी पोहोचावे. जागा पाहणे, तंबू निवडणे, स्वच्छतागृह आणि पाण्याची वाट डोळ्यांखालून घालणे ही कामे उजेडातच होतात.

सामान

सामानाच्या याद्या लांबलचक असतात आणि त्यांतले निम्मे परत तसेच येते. खरोखर लागते ते असे: प्रत्येकाला स्वतंत्र टॉर्च, शक्यतो डोक्याला बांधायचा, कारण रात्री हात मोकळे असणे महत्त्वाचे, खालून येणारी थंडी अडवणारी जाड चटई किंवा मॅट, थंडीच्या दिवसांत स्लीपिंग बॅग किंवा दोन चादरी आणि एक घोंगडी, कानटोपी आणि कोरडे पायमोजे, पूर्ण पाय झाकणारे, पकड असलेले बूट, नेहमीची औषधे आणि प्रथमोपचाराची पेटी, माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी, आणि कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या. घोंगडीची जागा आधुनिक पांघरुणे घेतातच असे नाही, हे सह्याद्रीतली एक रात्र काढल्यावर पटते. सुगंधी अत्तरे, भडक दिवे आणि ड्रोन घरी ठेवावेत. ड्रोनला अभयारण्यात परवानगीशिवाय मनाई आहे.

जेवण गावातलेच घ्यावे. पिठले, ठेचा, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, चुलीवरची भाजी आणि हातसडीचा भात हे येथील घरांत रोज शिजणारे अन्न आहे, आणि पाकिटातील नूडल्स घेऊन येण्याने ते चुकते एवढेच नव्हे तर पाकिटांचा कचराही वाढतो. अकोले तालुका देशी भातवाणांसाठी ओळखला जातो. बियाण्यांचे जतन करणाऱ्या आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या. निघताना काळभाताचे तांदूळ मिळाले तर विकत घ्यावेत. जेवण किती जणांचे, शाकाहारी किती, तिखट किती, हे आदल्या दिवशीच सांगावे, कारण ऐनवेळी सामान आणायला दुकान जवळ नसते.

तंबू आणि रात्र

तंबूची जागा पाण्यापासून हाताच्या अंतरावर असावी असे सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात ती काठापासून पुरेशी वर, सपाट, पाण्याचा ओघळ नसलेल्या आणि वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नसलेल्या ठिकाणी असावी. काठालगत दव अधिक पडते, वारा अधिक लागतो आणि रात्री अंधारात कोणी पाण्याकडे गेले तर कळत नाही. जमिनीला किंचित उतार असल्यास डोके चढाच्या बाजूला ठेवून झोपावे. तंबूखाली ताडपत्री अंथरावी, पण तिच्या कडा तंबूबाहेर डोकावू देऊ नयेत, अन्यथा दवाचे आणि पावसाचे पाणी तिच्यावरून आत येते. दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे आणि दोऱ्या खुंट्यांना ताणून बांधाव्यात. संध्याकाळी शांत वाटणारा वारा पहाटे तंबू हलवू शकतो. आतील श्वासाचा ओलावा बाहेर जावा म्हणून हवेच्या जाळ्या थंडी असली तरी थोड्या उघड्या असू द्याव्यात.

येथे एका गोष्टीवर जितका भर द्यावा तितका थोडा आहे. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी, पेटता स्टोव्ह किंवा निखाऱ्यांचे घमेले तंबूत कधीही घेऊ नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच तो बेशुद्ध होतो. बंद तंबूत अशा रीतीने माणसे दगावतात. शेकोटी मालकाने ठरवलेल्या जागी, उघड्यावर, शक्यतो लोखंडी घमेल्यात आणि त्याने दिलेल्या लाकडांचीच करावी. जंगलातून फांद्या तोडून आणू नयेत. झोपण्यापूर्वी पाणी ओतून, राख ढवळून, हात जवळ धरल्यावर ऊब जाणवत नाही ना हे पाहावे.

वन्य प्राण्यांची धास्ती नवख्यांना फार असते. या जंगलात बिबट्या आहे, तरस आणि भेकर आहेत, परंतु माणसांच्या वावराच्या जागी ते सहसा फिरकत नाहीत. उरलेले अन्न तंबूभोवती टाकले की गावातील कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येऊ शकतो, म्हणून खरकटे झाकून ठेवावे. प्रत्यक्षात अधिक काळजी सापांची घ्यावी. तंबूच्या चेनी कायम बंद, बूट घालण्यापूर्वी झटकणे आणि अंधारात टॉर्चशिवाय एकही पाऊल न टाकणे, एवढी शिस्त पुरते. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव न हलवता रुग्णाला तातडीने राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ आहे.

पाण्याशी वागताना

धरणाच्या पाण्यात पोहू नये. हे वाक्य येथे मोकळेपणाने लिहितो, कारण तलाव शांत दिसतो आणि उत्तम पोहणारेच अधिक फसतात. मूळचे दरीचे उतार पाण्याखाली तसेच असल्यामुळे काठापासून दोन पावलांवर एकदम खोली लागते. वर्षानुवर्षांचा गाळ पाय धरून ठेवतो. बुडालेल्या झाडांची खोडे दिसत नाहीत आणि वरचा थर कोमट असला तरी खालचे पाणी थंड असते. काठावर जीवरक्षक नसतात. पाण्यात उतरण्याची हौसच असेल तर ती नौकाविहारावर भागवावी, जीवरक्षक जाकीट अंगावर घट्ट बांधल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये आणि बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरली जात असतील तर सरळ उतरून यावे. मुलांबरोबर असलेल्या मोठ्यांपैकी एकाने पाण्याकडे लक्ष ठेवण्याचे काम ठरवून, पाळीपाळीने करावे. सर्वांचे लक्ष आहे असे म्हटले की कोणाचेच नसते.

धरणाच्या पायथ्याशी ‘अम्ब्रेला फॉल’ नावाचा प्रसिद्ध धबधबा आहे. गोलाकार खडकावरून छत्रीसारखे पाणी पसरते म्हणून त्याला हे नाव मिळाले, पण तो नैसर्गिक प्रवाह नसून धरणातून पाणी सोडले असेल तरच दिसतो. जे पाणी सोडले जाते ते वाढतेही, त्यामुळे धरणाखालच्या नदीपात्रात दगडांवर बसून डबा खाण्याचा मोह टाळावा.

काय पाहावे, काय सोडावे

दोन दिवसांत कळसूबाई, रतनगड, सांदण आणि रंधा धबधबा हे सगळे उरकणारे बेत नवखे लोक आखतात. तसे करू नये. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून विश्रांती घ्यावी, संध्याकाळ काठावरच घालवावी आणि दुसऱ्या दिवशी एकच मोठी गोष्ट करावी.

ती गोष्ट कळसूबाई असेल तर बारी गावातून पहाटे निघावे. १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असून वाट ठळक आहे आणि कड्यांच्या जागी लोखंडी शिड्या आहेत, तरी सवय नसलेल्याला चढायला तीन तास सहज लागतात. रविवारी शिड्यांवर रांग लागते. माथ्यावर कळसूबाई देवीचे छोटे मंदिर आहे आणि स्वच्छ हवेत तेथून सह्याद्रीची रांगच्या रांग दिसते.

गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर अधिक योग्य. काळ्या दगडातील हे प्राचीन शिवमंदिर आणि शेजारची पुष्करणी यांसाठी घाई न करता दोन तास ठेवावेत; बाह्य भिंतीवरील कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात विशेष उठून दिसते. येथूनच रतनगडाची वाट सुरू होते. गडावरचे नेढे, म्हणजे डोंगराला आरपार पडलेले भोक, पाहण्यासारखे आहे, पण त्यासाठी पूर्ण दिवस लागतो आणि तो दुसऱ्या खेपेचा विषय आहे.

सांदण ही दोन उंच कातळभिंतींमधली अरुंद घळ. नवख्याने साम्रद गावातील वाटाड्या घेऊन तिच्या सुरुवातीच्या भागात जावे आणि परत फिरावे. पुढचा भाग दोराने उतरण्याचा आहे. पावसाळ्यात, किंवा आकाशात ढग असतील तर कोणत्याही महिन्यात, घळीत उतरू नये, कारण वरच्या बाजूला पडलेल्या पावसाचा लोंढा तेथे काही मिनिटांत येतो आणि बाहेर पडायला बाजूने वाट नसते.

घाटघरच्या कोकणकड्यावर संध्याकाळी जावे. समोर जमीन संपते आणि खाली कोकण दिसते. येथील जलविद्युत प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी वर चढवले जाते आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज निर्माण होते. मोठ्या मुलांना हे प्रत्यक्ष जागेवर समजावून सांगता येते. कड्याच्या काठाला सर्वत्र कठडा नाही, वारा जोराचा असतो, आणि छायाचित्रासाठी मागे मागे सरकणे येथे जिवावर बेतू शकते.

निघताना

सामान आवरण्यापूर्वी तंबू उघडा ठेवून दव वाळू द्यावे, स्वतःचा असेल तर विशेषतः, कारण ओला गुंडाळलेला तंबू बुरशीने खराब होतो. खुंट्या मोजून घ्याव्यात. प्लास्टिक, बाटल्या आणि वापरलेले ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स) हे सगळे पिशव्यांत भरून घोटीपर्यंत किंवा थेट घरापर्यंत न्यावे. या गावांत कचरा उचलण्याची शहरासारखी यंत्रणा नाही, आणि मागे टाकलेली पाकिटे एक तर जाळली जातात किंवा पावसात तलावात जातात. जेवण रांधणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायकांचा हिशेब तंबूमालकाच्या दरात धरलेला असतोच असे नाही, तेव्हा त्यांना काही द्यायचे असल्यास ते त्यांच्या हाती द्यावे.

पुण्याच्या दिशेने परतणाऱ्यांच्या वाटेवर, शेंडीपासून सुमारे दहा किलोमीटरवर रंधा धबधबा लागतो. प्रवरा येथे खोल घळईत कोसळते आणि पावसाळ्यानंतरही धरणातून पाणी सुटले असेल तर तो चांगला दिसतो. कठड्याच्या आत राहून पाहावा. मुंबईकरांनी तिकडे वाकडी वाट करू नये. रविवारी संध्याकाळी कसारा घाटात आणि पुढे शहापूर-भिवंडी पट्ट्यात वाहनांच्या रांगा लागतात, म्हणून दुपारी दोनच्या आत शेंडी सोडावे, किंवा मुक्काम मुळातच रविवार-सोमवार असा ठेवून सोमवारी जेवण करून निघावे.